एकवीस खिळे

फळा भिंतीला टेकवून उभा केला तेव्हा ताईला पहिल्यांदा कळलं, की तो केवढा मोठा आहे. केंद्रात, छापखान्याच्या वरच्या त्या दोन खोल्यांत, तो लहान वाटायचा, कारण त्याच्यासमोर सतत कुणी ना कुणी उभं असायचं. आता अप्पांच्या पलंगाच्या पायथ्याशी त्याने अर्धी भिंत खाल्ली होती. वर सात वार, बाजूला सकाळ, दुपार, रात्र आणि मध्ये एकवीस खिळे. बिल्ला एकही नाही.

तिच्या वडिलांनी, अप्पांनी, उभं केलेलं ते केंद्र बंद पडून महिना झाला होता. जागेच्या मालकाने सामान उचला म्हणून दोनदा निरोप पाठवला, तेव्हा ताईने बाकी सगळं भंगारात दिलं आणि हा फळा आणि बिल्ल्यांचा डबा तेवढा घरी आणला. अप्पा पत्रेकाम करायचे. पन्हळी, डबे, धुराडी. उरलेल्या पत्र्यातून चाळीस वर्षं त्यांनी हे गोल बिल्ले कापले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि वर रंगाने ज्याचं त्याचं काम लिहिलं. शिंपी. पोस्टमन. घड्याळवाला. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय आणि घरच्यांचा जीव मेटाकुटीला आलाय, तिथे केंद्राचं माणूस चार तास जाऊन बसायचं. औषध द्यायचं, कूस बदलायची, नाहीतर नुसतं बसायचं. पैसे नाहीत, प्रमाणपत्र नाही. ज्याला जमेल त्याने येऊन आपला बिल्ला खिळ्यावर अडकवायचा. नियम एकच होता : का आलात, असं कुणी कुणाला विचारायचं नाही.

"विचारलं की माणूस उत्तर शोधायला लागतो," अप्पा म्हणायचे, "आणि उत्तर सापडलं की घरी जातो."

आता अप्पा स्वतःच सहा वर्षं या पलंगावर होते. डावी बाजू गेलेली, आणि गेल्या हिवाळ्यापासून आठवणसुद्धा हळूहळू हातातून निसटत चाललेली. आणि त्यांच्याकडे पाठवायला केंद्राकडे एकही माणूस उरला नव्हता.

ताईने डब्यातले वीस जुने बिल्ले काढले, त्यांवर चिकटपट्टी लावली आणि पेनाने लिहिलं. दादा, वहिनी, धाकटा, प्रोफेसर. प्रत्येकी पाच. एकविसावा खिळा कुणीतरी जास्तीचा उचलेल. स्वतःचा बिल्ला एकही केला नाही. तिच्या पर्समध्ये एक पत्र होतं. एक्स-रे विभागात जागा, रेल्वेने चार तासांवरच्या गावात, अकरा तारखेला हजर व्हायचं. अप्पांना पहिला झटका आला तेव्हा तिने हीच नोकरी सोडली होती. जुन्या साहेबांनी पत्राच्या समासात हाताने लिहिलं होतं : 'वयाची अट तीन महिन्यांत तुम्हाला बाहेर काढेल. या वेळी नाही म्हणू नका.' ती ओळ तिने इतक्यांदा वाचली होती, की घडीवर कागद विरायला आला होता.

ती खूप दिवसांनी खुशीत होती. उगाच खोटं कशाला सांगायचं.

*

त्या रविवारी तीन वाजता सगळे आले. घरात सगळेच तिला ताई म्हणतात, तिच्याहून सात वर्षांनी मोठा दादासुद्धा. पलंगाभोवती खुर्च्या मांडल्या, चहा झाला. अप्पा डोळे मिटून पडले होते.

"हे काय गं ताई, केंद्र घरीच थाटलंस की!" तिचा पाठचा भाऊ, धाकटा, फळ्याकडे बघून हसला. तो नदीवरच्या बचाव पथकात स्वयंसेवक होता आणि नारिंगी जाकीट गाडीतच ठेवायच्याऐवजी अंगावर घालून आला होता.

"थाटलं नाही, मांडलंय," ताई म्हणाली. "मला अकरा तारखेला जायचंय. सरळ सांगते, मला आडवळणं जमत नाहीत. एकवीस खिळे आहेत. ते भरले तर मी जाते. नाही भरले तर नाही जात. हे तुमचे बिल्ले."

दादाने आपले पाच बिल्ले हातात घेऊन वजन केल्यासारखे हलवले. त्याला ताईचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली. माणूस आठवडाभर कारखान्यात राबतो. शनिवार-रविवार तो पोहण्याच्या तलावावर वेळ मोजायला उभा असतो, गळ्यात स्टॉपवॉच, अकरा वर्षं. आजही तो तिथून लवकर निघून आला होता. सुरुवात केली तेव्हा त्याचा मुलगा पोहायचा. मुलगा पोहणं सोडून परदेशी गेला त्याला सात वर्षं झाली. दादा अजून उभाच होता. तिथली पोरं पाण्यातून डोकं वर काढून पहिल्यांदा त्याच्याकडे बघतात. घरात त्याच्याकडे असं कोण बघतं? हे कुणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून तो म्हणाला, "शनिवार-रविवार माझा तलाव असतो, तुला माहीत आहे."

"माहीत आहे. पाच वार उरतात."

"मंगळवार रात्र. आणि... गुरुवार रात्र. बघू." त्याने दोन बिल्ले अडकवले. उरलेले तीन तसेच मुठीत राहिले.

वहिनीने सोमवार आणि शुक्रवार दुपार घेतली. मंगळवारी आणि बुधवारी ती संग्रहालयात लोकांना माहिती सांगते. निळा रुमाल गळ्यात बांधून, चाळीस चाळीस माणसं मागे घेऊन. धाकट्याने बुधवार सकाळ घेतली, मग शनिवार सकाळ. "पण हे बघ, भोंगा वाजला तर मला जावं लागणार. तिथे माणूस बुडत असतो."

"आणि इथे?" ताईने विचारलं.

"इथे काय होतंय लगेच?"

ताईने अप्पांच्या अंगावरची चादर सारखी केली. धाकटा भित्रा नव्हता, हे मान्य केलंच पाहिजे. दोनदा तो पुराच्या पाण्यात उतरला होता आणि एका बाईला केसांना धरून काठावर आणलं होतं. पण अप्पांचं अंथरूण बदलायची वेळ आली की त्याला हमखास फोन यायचा.

"सहा झाले," ताई म्हणाली. "पंधरा राहिले."

"एजन्सीची बाई ठेवू या," दादा म्हणाला.

"दोन ठेवल्या होत्या. पहिली नऊ दिवस टिकली, दुसरी न सांगता गेली. आणि तिन्ही पाळ्यांना ठेवायच्या तर तेवढं आपल्यातल्या कुणालाच झेपणार नाही, हे गेल्या खेपेला तूच म्हणालास."

कुणीतरी कप बशीवर ठेवला. धाकट्याला शांतता कधी सोसत नाही. तो कोपऱ्यातल्या पुतणीकडे वळला. "काय प्रोफेसर? तुम्ही यावरच पुस्तक लिहिलंय ना? सांगा जरा, लोकांचं घोडं कुठे पेंड खातं."

*

प्रोफेसर म्हणजे दादाची मुलगी. सत्तावीस वर्षांची, कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणारी. तिला या प्रश्नाचं उत्तर अगदी नीट माहीत होतं, आणि तेच तिचं दुखणं होतं.

"सांगायला काय," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "काका, तुमच्या पथकात जागा रिकामी नसते, नावं नोंदवून लोक थांबलेले असतात. जाकीट आहे, भोंगा आहे, पाण्यातून ओढून काढलं की काम संपलं, आणि काठावर बघायला माणसं आहेत. तलावावर आईबाप येतात, कारण पोरं तिथे असतात. पोरांमागे येतात आणि ओळखीपाळखीने राहतात. संग्रहालयात सोबत मिळते, मान मिळतो. इस्पितळात विद्यार्थी येतात, त्यांना पुढच्या प्रवेशासाठी कागद हवा असतो. प्रत्येक ठिकाणी माणसाला काहीतरी परत मिळतं. त्यात वाईट काही नाही."

"आणि इथे?" ताईने तोच प्रश्न पुन्हा विचारला.

"इथे कुणी बघत नाही, आत्या. काम संपत नाही. आणि संपतं तेव्हा माणूसच गेलेलं असतं."

"मग अप्पांकडे त्रेसष्ट माणसं कशी यायची?" वहिनीने आपल्या मुलीला विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, सहज विचारलं. पण प्रोफेसरला तो प्रश्न लागला.

कारण त्रेसष्टांना तिनेच विचारलं होतं. तीन वर्षांपूर्वी, प्रबंधासाठी, छापील कागदावर : 'तुम्ही का येता?' खाली पाच चौकोन, एकावर खूण करा. अप्पा तेव्हा पलंगावर असले तरी शुद्धीत होते. ते म्हणाले होते, "बाळ, हे नको विचारूस." तिने ऐकलं नाही. तिला वाटलं, म्हातारा हट्ट करतोय. लोकांनी खुणा केल्या. शिंप्याने तर पेन तासभर हातात धरून ठेवलं होतं. मग तिने एका संस्थेकडून अनुदान मिळवलं आणि दर भेटीमागे मानधन सुरू करवलं. फार नाही, सिनेमाच्या एका तिकिटाएवढं. तिचा हेतू चांगलाच होता. या घराण्यात वाईट हेतूने कुणाचं फारसं वाटोळं झालेलं नाही, चांगल्या हेतूनेच झालंय.

पहिल्या महिन्यात माणसं वाढली. दुसऱ्या महिन्यात शिंपी पाकीट परत घेऊन आला. "मी चार तास देत होतो तेव्हा त्याची किंमत मला माहीत नव्हती," तो म्हणाला. "आता कळली. एवढीच होती होय?" त्याने आपले बिल्ले डब्यात टाकले आणि जिना उतरून गेला. मग घड्याळवाला गेला, पोस्टमन गेला. दीड वर्षाने अनुदान संपलं आणि मानधनासाठी आलेलेही गेले. जुने परत येतील असं प्रोफेसरला वाटलं होतं. कुणी आलं नाही. प्रबंधाला मात्र उत्तम शेरा मिळाला.

"ते मी मोडलं," ती आता मोठ्याने म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे."

"अगं, तसं कुणी म्हणतंय का," दादा म्हणाला. मुलीचा चेहरा बघून त्याला एकदम मार्ग सुचला. त्याचा चेहरा उजळला. "ऐका. बाहेरची बाई टिकत नाही, खरं ना? मग ताईच का नको? म्हणजे फुकट नाही म्हणत मी! मी आणि धाकटा मिळून दर महिन्याला ताईला ठरावीक रक्कम देऊ. नोकरीत जे मिळणार त्याच्या निम्मी तरी नक्की. घर सोडायला नको, गाव सोडायला नको. काय धाकट्या?"

"मला चालेल," धाकटा लगेच म्हणाला. सुटल्यासारखा.

"बाबा, नको," प्रोफेसर म्हणाली. "बाबा, प्लीज, हे नका बोलू."

पण ते बोलून झालं होतं. ताई खुर्चीत ताठ बसली होती.

"सहा वर्षं मी फुकट करत होते, तेव्हा मुलगी होते ना रे अप्पांची?"

"अगं, आहेसच की! म्हणून तर—"

"मग आता पगारावर राहिले, तर रजा कोणाकडे मागायची? तुझ्याकडे?"

"तू उलटाच अर्थ काढतेस!"

"सरळ कुठला आहे तो सांग. मी काढते." तिचा आवाज चढला नव्हता. "दादा, मी इथून जायचं म्हटलं तेव्हा तुला माझी किंमत कळली. त्याच्या आधी सहा वर्षं तू रविवारी संध्याकाळी येऊन मला म्हणायचास, बस की जरा, किती धावपळ करतेस."

दादाला खरंच कळत नव्हतं, की आपलं काय चुकलं. बिचारा द्यायलाच निघाला होता.

तेवढ्यात प्रोफेसर उठली. तिने आपले पाच बिल्ले एकामागून एक अडकवले. मग डबा पुढे ओढला, त्यातून शिंप्याचे, पोस्टमनचे, हाताला येतील ते बिल्ले काढले आणि रिकाम्या खिळ्यांवर अडकवत सुटली. पत्र्यावर पत्रा वाजत होता. "हे सगळे माझे," ती म्हणाली. "मी इथे राहायला येते. कॉलेजला वर्षभर बिनपगारी रजा टाकते. आत्या, तू जा. अकरा तारखेला जा."

फळा भरला. एकवीसच्या एकवीस.

ताईने तो बघितला. दारातून आलेल्या उन्हात पत्रा चमकत होता. तिच्या डोळ्यांसमोर तिची ती अंधारी खोली उभी राहिली, प्रकाशावर धरलेली फिल्म, कुणाच्यातरी हाताचं हाड आणि ठरलेल्या वेळी संपणारा दिवस. सहा वर्षांत ती एवढी सुखावली नव्हती. ते सुख पुरं मिनिटभरही टिकलं नाही.

*

वहिनी उभी राहिली होती.

आतापर्यंत ती नणंदेच्या बाजूने होती. येताना गाडीत तिने नवऱ्याला बजावलं होतं, ताईंना या वेळी अडवायचं नाही. ते तिने मनापासून म्हटलं होतं. पण आता तिला फळ्यासमोर आपली मुलगी दिसत होती, बाह्या वर केलेली, केस मानेवर बांधलेले. ताई सहा वर्षांपूर्वी अशीच उभी होती. 'चार-सहा महिने बघते,' म्हणाली होती.

"तू काढ ते," वहिनी म्हणाली.

"आई, वर्षभराचा प्रश्न आहे."

"ताईंचाही चार-सहा महिन्यांचाच होता." तिने मुलीचा दंड धरला. "वर्षाने कोण येणार आहे? तुझे बाबा येणार आहेत? काका येणार आहे? त्यांचा भोंगा वाजेल. तुझी नोकरी जाईल, तू इथेच बसशील, आणि मी दर रविवारी येऊन तुझं कौतुक करीन. ताई, मला माफ करा. तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मला माझ्या घरात दुसरी ताई नकोय."

दादा "अगं" म्हणाला आणि पुढचं विसरला. वहिनीने तोंडावर हात धरला. बोललेलं परत घेता येत नव्हतं आणि तिला ते परत घ्यायचंही नव्हतं.

प्रोफेसर म्हणाली, "मी काढणार नाही."

मग ताई उठली. फळ्यापाशी गेली आणि भाचीच्या, तिच्याच हातांत वाढलेल्या त्या पोरीच्या, नावाचे बिल्ले एकेक करून काढायला लागली. आधी चिकटपट्टीचे पाच. मग शिंप्याचे. मग पोस्टमनचे. प्रोफेसरने तिचा हात धरला. ताईने तो हळूच सोडवला.

"तुझी आई खोटं बोलत नाही," ती म्हणाली.

"आत्या, तुझं पत्र..."

"असू दे."

"तुला राग नाही येत?"

"येतो. फार येतो. पण तू इथे बसलीस आणि मी तिकडे गेले, तर तो राग तुझ्याकडे येईल. त्याला मग पत्ता कळायला वेळ लागत नाही."

तिने डब्याचं झाकण लावलं. फळ्यावर सहा बिल्ले उरले, त्यातला धाकट्याचा एक वाकडा लोंबत होता. त्याने उठून तो सरळ केला आणि पुन्हा बसला.

साडेपाचला सगळे निघाले. दादा दारात घुटमळला, म्हणाला, "पुढच्या रविवारी परत बसू. काहीतरी मार्ग निघेल." प्रोफेसर आत्याच्या गळ्यात पडून रडली आणि वहिनीने तिला खांद्याला धरून गाडीत बसवलं. जाताना वहिनीने कप विसळून ठेवले होते, पाचही, बशांसकट.

*

ताईने दिवा लावला. पर्समधून पत्र काढलं, घडी न उलगडता डब्यात बिल्ल्यांखाली सारलं. मग पाण्याचं भांडं आणलं, अप्पांच्या मानेखाली हात घातला. अप्पांचे डोळे उघडे होते. ते फळ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खूप दिवसांनी कामावरच्या माणसाची ओळख होती.

"सहाच?" ते म्हणाले.

"सहाच, अप्पा."

"आज माणसं कमी दिसतात." ते पाणी प्यायले. मग मान वळवून तिला निरखलं, जसं ते केंद्रात जिना चढून आलेल्या कुठल्याही नव्या माणसाला निरखायचे. "तुम्ही नवीन का, बाई?"

ताईचा हात त्यांच्या मानेखाली तसाच राहिला.

"तुमचा बिल्ला दिसत नाही," अप्पा म्हणाले.

"केलेला नाही."

"राहून गेला असेल. उद्या कापून देतो. काय काम करता तुम्ही?"

"एक्स-रे काढायचे."

"मग तेच लिहू." ते थोडे दमले, डोळे मिटले, पुन्हा उघडले. "का आलात ते मी विचारणार नाही. आमच्याकडे विचारत नाहीत."

"माहीत आहे मला."

"आजारी कोण आहे या घरात?"

"एक म्हातारे आहेत."

"घरची माणसं नाहीत त्यांना?"

"आहेत," ताई म्हणाली. "पुष्कळ आहेत."

अप्पांनी मान हलवली. त्यांना नवल वाटलं नाही. चाळीस वर्षं त्यांनी अशीच घरं बघितली होती. त्यांचा उजवा हात चादरीवर सरकत तिच्या मनगटापर्यंत आला आणि नव्या माणसाला धीर द्यावा तसा दोनदा थोपटून गेला.

"दमलेल्या दिसता. तुमची पाळी कधी संपते?"

ताईने फळ्याकडे बघितलं. रविवारच्या खाली तिन्ही खिळे मोकळे होते.

"बदली माणूस आलं की जाईन."

"येईल," अप्पा म्हणाले. "बसा तोवर. आपली माणसं वेळेवर येतात."